ऊस किती लावायचा आणि पाणी कुणाला द्यायचं? विश्वेश्वरय्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच फॉर्म्युला दिला होता

१५ सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सॲपचे ग्रुप एका फोटोने भरून जातात. डोक्यावर म्हैसूरचा फेटा, अंगात कडक कोट आणि चेहऱ्यावर शिस्त. फोटोखाली अभियंता दिनाच्या शुभेच्छा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की कृष्णराजसागर धरण, म्हैसूरची दिवाणगिरी आणि १९५५ चं भारतरत्न, एवढं आपल्याला पाठ असतं.

पण या सगळ्याच्या आधी हा माणूस तब्बल २४ वर्षं मुंबई इलाख्याच्या नोकरीत होता. नाशिक, धुळे, पुणे, बारामती हा त्याचा कामाचा पट्टा. आणि इथल्याच कालव्यांवर त्याने एका प्रश्नाला हात घातला, ज्यावरून आजही दर उन्हाळ्यात गावागावांत वाद होतात.

पाणी ठरावीक आहे. मग ते कोणत्या पिकाला द्यायचं, कुणाच्या शेतात सोडायचं आणि किती दिवसांनी?

धरण बांधणारे विश्वेश्वरय्या सगळ्यांना माहीत आहेत. पाण्याचा हिशोब मांडणारे विश्वेश्वरय्या मात्र तितके माहीत नाहीत. तर आज त्यांचीच गोष्ट.

म्हैसूरचा पोरगा, पुण्याचा इंजिनिअर

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावातला. वडील संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा बेताचाच. त्यात वडील लवकर गेले. पोरगा बंगळुरूला आला आणि शिकवण्या करत करत १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजमधून बीए झाला.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात आला. हेच ते कॉलेज, जे आज आपण सीओईपी म्हणून ओळखतो. १८८३ मध्ये तो इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. त्या काळी वरच्या नंबरात येणाऱ्याला सरकारी नोकरी मिळायची. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकची.

खानदेशात पाण्याशी पहिली गाठ

नोकरी नवी होती, वय जेमतेम बावीस-तेवीस. अशात त्यांना खानदेशात पाठवण्यात आलं. धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती नावाचं गाव आहे. तिथे पाटाचं पाणी प्रवाहाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचं होतं. त्यासाठी सायफन बांधायचा होता. म्हणजे पाणी एका बाजूने नळात उतरवायचं, तळाखालून न्यायचं आणि पलीकडे पुन्हा पाटात काढायचं. दिवस पावसाळ्याचे, नदीला पूर. अडचणी आल्या, पण काम तडीस गेलं.

आता या भागाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते कामाला येणार आहे. धुळे-नाशिक पट्ट्यात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर छोटा बंधारा घालायचा आणि त्याच्या पाण्यावर भिजणारी सगळी जमीन तीन-चार फडांत वाटायची. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक. पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे बारमाही पिकाचा फायदा आणि टंचाईचा तोटा दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला. पाणी कमी असेल तर गाव बसून ठरवायचं की यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता सोडायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले, सगळं गावाचंच.

म्हणजे पाणी किती आहे ते बघून पीक ठरवायचं, पीक लावून झाल्यावर पाणी शोधत बसायचं नाही, ही अक्कल या मातीत आधीपासून होती.

धरणं झाली, कालवे झाले, पण गणित फसलं

खानदेशानंतर विश्वेश्वरय्यांनी सिंधमध्ये सक्कर शहराला पाणीपुरवठ्याची योजना करून दिली, सुरतला काम केलं आणि मग पुण्यात आले. १८९८ मध्ये स्वतः जपान बघून आले. १८९९ पासून पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी कार्यकारी अभियंता म्हणून त्यांच्याकडे आली. पुण्यात त्यांची न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी चांगली ओळख होती. देशाच्या गरिबीवर चर्चा करणाऱ्या माणसांत त्यांची ऊठबस होती.

तेव्हा पुणे भागात दोन मोठ्या सिंचन योजना होत्या. एक मुठा नदीवरचं खडकवासला धरण. १८७९ मध्ये ते पूर्ण झालं आणि तेव्हा त्याच्या तलावाला लेक फाइफ म्हणत. त्याचं पाणी पुणे शहराला, लष्कराला आणि हडपसर-मांजरीकडच्या शेतीला जायचं. दुसरी योजना नीरेची. भोरजवळच्या भाटघर धरणातलं पाणी नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात न्यायचा.

हे कालवे काढण्यामागे दुष्काळाची भीती होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं हजारोंनी मेली होती. पाऊस नाही आला तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी, हा कालव्यांचा हेतू.

प्रत्यक्षात झालं भलतंच.

ज्वारी पिकवणारा शेतकरी पाऊस बरा झाला की कालव्याच्या पाण्याकडे फिरकायचाच नाही. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, मग उगाच पाणीपट्टी कशाला भरायची, असा त्याचा सरळ हिशोब. पाऊस दडी मारायचा तेव्हा मात्र सगळे एकदम पाणी मागायला यायचे आणि तेव्हाच धरणात पाणी कमी असायचं. चांगल्या वर्षी पाणी पडून आणि वाईट वर्षी मारामारी, असा हा प्रकार.

मग दरवर्षी पाणी घेणार कोण? ऊसवाला. ऊस बारमाही पीक, वर्ष-दीड वर्ष रानात उभा. त्याला उन्हाळ्यातही पाणी लागतं. गुळाला भाव असल्याने तो पाणीपट्टीही भरू शकायचा. सरकारलाही वसुली हवी होती. त्यामुळे कालव्याच्या तोंडाकडची गावं उसाने हिरवी झाली आणि शेपटाकडच्या गावांपर्यंत पाणी पोहोचेना.

त्यात आणखी एक भानगड. पाणी मोजून मिळत नव्हतं, शेताच्या क्षेत्रावर पाणीपट्टी होती. एकदा पट्टी भरली की पाणी किती घेतलं याला हिशोब नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त पीक, या समजुतीने लोक रानं तुडुंब भरायचे. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. जादा पाणी खाली साचतं, पाण्याची पातळी वर येते आणि खालचे क्षार वर आणते. रान आधी पाणथळ होतं, मग खारवट. ज्याला पाणी मिळालं नाही त्याचं पीक गेलं आणि ज्याने जास्त घेतलं त्याची जमीनच गेली.

आधी साठा वाढवला

विश्वेश्वरय्यांनी आधी धरणाकडे बघितलं. पावसाळ्यात खडकवासला भरून वाहायचं आणि उन्हाळ्यात कमी पडायचं. भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि पाया तेवढा भार पेलेल का, हा प्रश्न.

त्यांनी वेगळी शक्कल लढवली. जादा पाणी जिथून वाहून जातं त्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवायचे. ठरलेल्या पातळीपर्यंत दरवाजे बंद राहणार, त्यामुळे एरवी वाहून गेलं असतं ते पाणी अडणार. पूर येऊन पातळी त्याच्या वर गेली की वजनांचा तोल बदलून दरवाजे आपोआप उघडणार आणि पाणी उतरलं की आपोआप मिटणार. रात्री-अपरात्री पूर आला तरी दरवाजा उघडायला माणूस धावत जायची गरज नाही.

१९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. भिंत वाढवली नाही, तरी साठा वाढला. या डिझाइनचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे पैसे त्यांनी सरकारकडून घेतले नाहीत. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरवरही असे दरवाजे वापरले गेले.

पण साठा वाढला म्हणून वाटपाचा प्रश्न सुटत नाही. वाढलेलं पाणीही पुन्हा तोंडाकडच्या उसातच मुरणार असेल, तर उपयोग काय?

मग आली ब्लॉक पद्धत

१९०१ मध्ये भारतातल्या सिंचनाचा अभ्यास करायला सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दख्खनच्या कालव्यांवर इतका खर्च होऊनही त्यांचा फायदा मोजक्यांनाच का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. विश्वेश्वरय्यांनी त्यावर जे उत्तर मांडलं ती ब्लॉक पद्धत. नीरा कालव्यावर ती अमलात आली.

कल्पना सोपी होती.

एक, पाणी वाट्टेल तिथे द्यायचं नाही. प्रत्येक गावात जमीन बघायची आणि जिथे निचरा चांगला आहे असे सलग तुकडे निवडायचे. हाच ब्लॉक. विखुरलेल्या शेतांना पाणी द्यायचं तर लांबलचक चाऱ्या लागतात आणि त्या चाऱ्यांतच बरंच पाणी मुरतं. सलग तुकड्यात ते वाचतं आणि देखरेखही सोपी होते.

दोन, ब्लॉकचे तीन भाग करायचे. दरवर्षी एका भागातच ऊस. बाकीच्या दोन भागांत कमी पाण्याची हंगामी पिकं. तीन वर्षांत चक्र फिरणार, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला उसाची पाळी येणार आणि प्रत्येक तुकड्याला विश्रांतीही मिळणार.

तीन, ब्लॉकमधल्या शेतकऱ्याला एकाच हंगामाची नाही, काही वर्षांची पाण्याची हमी द्यायची. दरवर्षी अर्ज करून वाट बघत बसायची गरज नाही. त्यालाही नियोजन करता येतं आणि कालव्यालाही दरवर्षी किती पाणी लागणार ते आधीच कळतं.

यातला एक-तृतीयांशचा नियम का महत्त्वाचा, ते समजून घेऊ. धरणाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. खरिपाचं पीक पावसावर निघतं, रब्बीचं फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरकतं. कडक उन्हाळ्यात पाणी मागतो तो ऊस. समजा, उन्हाळ्यातलं पाणी ९० एकर उसाला पुरेल इतकंच आहे. एका गावाने ९० एकर ऊस लावला तर बाकीची गावं कोरडी. पण तीन गावांना प्रत्येकी ९० एकरांचा ब्लॉक दिला आणि ऊस ३० एकरांवर थांबवला, तर उन्हाळ्याचं पाणी तितकंच लागतं. फरक एवढाच, की आता तीन गावांत मिळून २७० एकर जमीन कालव्याखाली येते. उरलेली १८० एकर हंगामी पिकं पावसाळ्यात आणि थंडीत, म्हणजे पाणी असतानाच भागतात.

धरण तेच आणि पाणीही तेच. बदलला फक्त निर्णय, आणि लाभ तीन गावांत पोहोचला.

शिवाय एका तुकड्यावर सलग ऊस नसल्याने जमीन पाणथळ व्हायचा धोकाही कमी. पाणी, पीक आणि माती यांचा एकत्र विचार करणारी ही मांडणी होती.

शेतकरी नाराज का झाले?

कागदावर सोपं वाटणारं हे प्रकरण गावात तितकं सोपं नव्हतं.

तोंडाकडच्या ऊसवाल्याला वाटलं, आपलं पाणी कमी होतंय. ज्याचं रान ब्लॉकच्या बाहेर राहिलं त्याला वाटलं, आपल्या दारावरून कालवा जातो आणि आपल्यालाच पाणी नाही. जिरायतदाराला वाटलं, काही वर्षांसाठी बांधून घ्यायचं आणि पाऊस चांगला झाला तर पट्टी फुकट जायची.

या तक्रारी नुसत्या हट्टाच्या नव्हत्या. यापूर्वी काय पेरायचं हे शेतकरी ठरवायचा, आता त्यात सरकारी खात्याचा हात आला होता. फडात आणि ब्लॉकमध्ये कमालीचं साम्य आहे. दोन्हीकडे सलग तुकडा, पिकांची फेरपालट आणि उसाला मर्यादा. पण फडात नियम गावाने केलेला असायचा आणि मोडणाऱ्याला गावासमोर उभं राहावं लागायचं. ब्लॉकमध्ये नियम पुण्याच्या ऑफिसातून यायचा. हा फरक पुढे महागात पडला.

तरीही नीरा कालव्यावर पद्धत रुळली. ठरावीक वर्षांची हमी मिळते हे बघून शेतकरी ब्लॉकमध्ये यायला लागले. १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. खात्याच्या सर्वोच्च पदावर तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांचीच वर्णी लागायची, आणि पुढची वाट बंद असल्याचं त्यांना दिसत होतं.

हैदराबाद, म्हैसूर आणि पुन्हा तोच हिशोब

नोकरी सुटली, पण काम सुटलं नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहराच्या वर धरणं बांधून पूर तिथेच अडवायचा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यायचं, ही योजना त्यांनी दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच पुढे उभे राहिले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागरचं काम सुरू झालं. धरण पूर्ण व्हायला वीस वर्षं गेली. त्याच्या पाण्यावर मंड्याच्या कोरड्या पट्ट्यात कालवा निघाला, जो आज विश्वेश्वरय्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या कालव्यावरही त्यांचा नीरेचाच धडा गिरवला गेला. जमिनीचे ब्लॉक, तीन वर्षांची फेरपालट. ऊस, भात आणि कमी पाण्याचं पीक आलटून पालटून. १९३० च्या दशकात मंड्याला साखर कारखाना आला आणि नाचणी पिकवणारा हा जिल्हा बघता बघता बदलला.

नियम सुटला तेव्हा

आता गोष्टीतला कडू भाग.

दख्खनमध्ये ब्लॉक पद्धत राहिली, पण तिचा आत्मा हळूहळू गेला. काही वर्षांची हमी लोकांना आवडली, एक-तृतीयांशची मर्यादा नाही. पाण्याची खात्री झाली की ऊस वाढतो, हे सगळीकडे दिसलं. नीरेच्या पट्ट्यात जमिनी पाणथळ होण्याचा त्रास इतका वाढला की पाण्याचा निचरा करायला चर खोदावे लागले. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं आणि कालव्याकाठी कारखान्यांची धुराडी उभी राहायला लागली. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि ऊस हा नुसतं पीक न राहता राजकारणाचा आधार बनला. सहकाराने लाखो घरांत पैसा आला, शाळा-कॉलेजं उभी राहिली, हेही तितकंच खरं. पण आज महाराष्ट्रात लागवडीच्या क्षेत्राचा छोटा तुकडा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा खूप मोठा वाटा घेतो, हेही खरंच.

मंड्यातही तेच. कमी पाण्याची पिकं मागे पडली, भात आणि ऊस पुढे गेले. पाऊस कमी झाला की कावेरीच्या पाण्यावरून होणाऱ्या आंदोलनांचं केंद्र मंड्याच असतं.

१९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं. विश्वेश्वरय्यांनी ज्या पुण्याच्या पाण्याचा विचार केला, त्याच पाण्याने शहर बुडवलं. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरूमध्ये ते गेले. वयाने शंभरी गाठलेली होती.

मग आज यातून घ्यायचं काय?

सव्वाशे वर्षांत तंत्र बरंच पुढे गेलं. ठिबक आलं, जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर आले, मोबाइलवर हवामानाचा अंदाज यायला लागला. पाटाने रान तुडुंब भरण्यापेक्षा ठिबकने पाणी नक्कीच वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या रानात आणखी ऊस लावला, तर धरणाच्या दृष्टीने वाचलं काहीच नाही.

म्हणून विश्वेश्वरय्यांच्या हिशोबातले प्रश्न अजून जुने झालेले नाहीत. आपल्या जमिनीचा निचरा कसा आहे? उन्हाळ्यात नक्की किती पाणी हातात राहतं? त्या पाण्यावर बारमाही पीक किती एकर झेपेल? शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाळी कधी येणार? हीच गोष्ट सोसायटीच्या लॉनला आणि महापालिकेच्या बागेलाही लागू होते. मातीत वाफसा असताना रोज पाइप सोडून ठेवला तर गवताचं भलं होत नाही, मुळं कुजतात आणि टँकरचं बिल तेवढं वाढतं.

आणि शेवटचा धडा, जो त्यांच्या पद्धतीच्या यशातून नाही तर तिच्या घसरणीतून मिळतो. पाणीवाटपाचा नियम कितीही हुशार माणसाने केलेला असो, तो पाळणाऱ्यांना आपला वाटला नाही तर टिकत नाही. खानदेशातल्या फडांना इंजिनिअर नव्हता, तरी ते पिढ्यान् पिढ्या चालले, कारण कुठला फड सोडायचा हे ज्याचं पीक जाणार होतं तोच ठरवत होता. २००५ मध्ये महाराष्ट्राने पाणी वापर संस्थांचा कायदा केला, तोही याच विचाराने. पाणी मोजून संस्थेला द्यायचं आणि आतलं वाटप शेतकऱ्यांनी करायचं.

विश्वेश्वरय्यांचा हिशोब आणि फडाची सहमती, या दोन्ही गोष्टी याच महाराष्ट्रात, एकमेकींपासून काही तासांच्या अंतरावर घडल्या. ज्या गावाला दोन्ही एकत्र जमतील, तिथे मे महिन्यातही शेपटाच्या शेतात पाटाचं पाणी पोहोचेल.